उकिरड्याचे पांग फिटावेत म्हणून

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, अशी म्हण आपल्याकडे पूर्वापार प्रचलित आहे. दैव कधी ना कधी पालटतेच, हा तिचा रूढ अर्थ. परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीने तिला एक साधा व्यावहारिक अर्थही होता. घरामागचा उकिरडा ही त्याच्या शेताची ठेव असे. गोठ्यातील शेण, जनावरांनी न खाल्लेला कडबा, चुलीतील राख, अंगणातील पालापाचोळा हे सारे उकिरड्यावर पडे आणि मृगापूर्वी बैलगाडीतून शेतात जाई. घरातील इतर वस्तूंचेही तसेच होते. जुन्या लुगड्याधोतरांची गोधडी शिवली जाई. उरलेले कपडे बोहारणीच्या पाटीत जाऊन त्यांच्या बदल्यात एखादे भांडे घरात येई. फुटकी तांब्यापितळेची भांडी मोडीत जात, तर रद्दी वाण्याच्या पुड्यांना उपयोगी पडे.

या व्यवहारामागे पर्यावरणरक्षणाचा विचार होता, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. वस्तू महाग होत्या आणि माणसाचे कष्ट स्वस्त होते, हे त्याचे खरे कारण. शिवाय घाण उचलण्याचे व मैला वाहण्याचे काम समाजाने काही विशिष्ट जातींच्या माथी मारले होते, हेही विसरता येणार नाही. त्या काळाकडे परत जाणे शक्य नाही व इष्टही नाही. मात्र त्या व्यवहारातील एक सूत्र आजही तितकेच खरे आहे. प्रत्येक टाकाऊ वस्तूची वाट वेगळी होती. शेण आणि चिंध्या, राख आणि पितळ कधी एकत्र टाकले जात नव्हते. म्हणूनच त्यांतील प्रत्येकाचा उपयोग होत असे.

मिसळला म्हणजेच कचरा

गेल्या चार-पाच दशकांत उकिरड्याचे स्वरूप पालटले. प्लास्टिकच्या पिशव्या, गुटख्याच्या व शाम्पूच्या पुड्या, थर्माकोल, पाण्याच्या बाटल्या, विजेरीचे सेल या वस्तू खेड्यापाड्यांत पोहोचल्या. त्या घराच्या त्याच कोपऱ्यात आणि गावाच्या त्याच उकिरड्यावर पडू लागल्या. प्लास्टिक मिसळलेले खत शेतकरी शेतात टाकू इच्छित नाही. उष्टे-खरकटे लागलेला कागद रद्दीवाला घेत नाही. खताचा माल खत होण्यास नालायक ठरतो आणि विक्रीचा माल विकला जाण्यास. दोन उपयुक्त वस्तू एकत्र आल्याने दोन्ही निरुपयोगी होतात, अशी ही विचित्र बेरीज आहे.

या मिश्र ढिगाचे पुढे काय होते, हेही समजून घेतले पाहिजे. ढिगाच्या पोटात हवा पोहोचत नाही. तेथे ओला भाग हवेविना कुजतो आणि मिथेन वायू तयार होतो. वातावरण तापविण्याची या वायूची शक्ती, १०० वर्षांचा काळ हिशेबात घेतल्यास, कार्बन डायऑक्साइडच्या २५ पटींहून अधिक आहे. हा वायू ज्वालाग्राही असल्याने ढिगांना वारंवार आगी लागतात. मुंबईतील देवनार येथे १९२७ सालापासून कचरा टाकला जात होता. २०१६ च्या जानेवारीत तेथे लागलेल्या आगीचा धूर शहरावर दीर्घकाळ पसरून राहिला आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. ढिगातून पाझरणारे काळे पाणी जमिनीत मुरते व विहिरींत उतरते. पुणे शहराचा कचरा ज्यांच्या हद्दीत वर्षानुवर्षे टाकला गेला, त्या उरुळी देवाची व फुरसुंगी या गावांना याचा कडू अनुभव आला. तेथील ग्रामस्थांना कचऱ्याच्या गाड्या अडविण्यासाठी पुनःपुन्हा रस्त्यावर उतरावे लागले. शहराने न केलेल्या वर्गीकरणाची किंमत खेड्याच्या विहिरीने मोजली, असेच याचे वर्णन करावे लागेल.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ या वर्षाच्या अहवालातील आकडे या दृष्टीने उद्बोधक आहेत. त्या वर्षी देशात दररोज सुमारे १ लाख ६० हजार टन घनकचरा निर्माण होत होता. त्यापैकी सुमारे ९५ टक्के कचरा गोळा केला जात होता. पण प्रक्रिया मात्र जेमतेम निम्म्यावर होत होती. याचा अर्थ स्पष्ट आहे. कचरा उचलण्यात आपण बरीच मजल मारली. उचललेल्याचे पुढे काय करावयाचे, या प्रश्नाचे अर्धेच उत्तर मिळाले. चौक स्वच्छ झाला आणि ओढा घाण झाला, तर त्यास व्यवस्थापन म्हणता येत नाही.

ओल्या कचऱ्याची वाट : नाडेप टाके

आपल्याकडील कचऱ्यात कुजणारा भाग मोठा असतो. त्यापासून खत करण्याच्या शास्त्रीय पद्धती भारतातच विकसित झाल्या, ही अभिमानाची गोष्ट आहे. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथे शेतकऱ्यांच्या परंपरागत अनुभवाची शास्त्राशी सांगड घालून कंपोस्टची 'इंदूर पद्धत' सिद्ध केली. महाराष्ट्राने या क्षेत्रात दिलेली देणगी म्हणजे नाडेप पद्धत होय. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे गांधीविचाराचे कार्यकर्ते नारायण दे. पांढरीपांडे यांनी ती शोधून काढली. त्यांचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव यांच्या आरंभीच्या अक्षरांवरून तिला 'नाडेप' हे नाव मिळाले.

या पद्धतीत विटांचे टाके जमिनीवर बांधतात. ते साधारणतः १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच असते. चारही भिंतींत ठरावीक अंतरावर विटा न बसवता खिडक्या ठेवल्या जातात, म्हणजे आतल्या मालाला सर्व बाजूंनी हवा मिळते. एका टाक्यासाठी सुमारे १,४०० ते १,५०० किलो काडीकचरा व पालापाचोळा, ९० ते १०० किलो शेण, सुमारे १,७५० किलो चाळलेली कोरडी माती आणि ऋतुमानानुसार १,५०० ते २,००० लिटर पाणी लागते. काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेणकाला, त्यावर माती, अशा क्रमाने टाके एक-दोन दिवसांत भरून वरून शेणमातीने लिंपतात. दोन-तीन आठवड्यांत माल खाली बसला की त्याच क्रमाने पुन्हा भरून लिंपावे लागते. साधारणपणे ९० ते १२० दिवसांत सुमारे ३ टन खत तयार होते. उकिरड्याचे पांग फिटण्यास म्हणीत १२ वर्षे लागतात. येथे ते काम ३ ते ४ महिन्यांत होते.

या पद्धतीचे मर्म शेणाच्या काटकसरीत आहे. गावोगावी शेणाच्या गोवऱ्या थापल्या जातात आणि शेताला खत कमी पडते, ही जुनी अडचण आहे. नाडेप पद्धतीत शेण विरजणासारखे वापरले जाते. थोड्या शेणातील जीवाणू पुष्कळशा काडीकचऱ्याचे खत करतात. ओलावा टिकला आणि हवा खेळती राहिली, तर दुर्गंधी येत नाही. टाके सावलीत किंवा छपराखाली असणे आणि लिंपणाला पडलेल्या भेगा वेळोवेळी बुजविणे एवढीच पथ्ये पाळावी लागतात. मात्र एक पथ्य सर्वांत महत्त्वाचे आहे : टाक्यात प्लास्टिक, काच वा दगडगोटे जाता कामा नयेत. घरात वर्गीकरण झाले नसेल, तर चांगले बांधलेले टाकेही थोड्याच दिवसांत कचराकुंडी बनते.

सोनखताचा धडा

मलमूत्राच्या खतास मराठीत 'सोनखत' म्हणतात. ज्याचा विटाळ मानला, त्याच्या खताला सोन्याचे नाव दिले. कोकणात अप्पासाहेब पटवर्धन यांनी भंगीमुक्तीच्या ध्येयाने या प्रश्नाला हात घातला. १९४८ साली कणकवली येथे स्थापन झालेल्या गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याचे निर्धोक खत करणारे संडास, चर्मोद्योग, गोबर गॅस यांचे प्रयोग केले. वस्तूची घाण संपली की ती उचलणाऱ्या माणसाची अस्पृश्यताही संपेल, असा त्यामागील विचार होता. त्यांच्या कामापासून प्रेरणा घेऊन डॉ. सुहास विठ्ठल मापुसकर यांनी पुणे जिल्ह्यातील देहू येथे संडासाला जोडलेल्या जैववायू संयंत्राचा 'मलप्रभा' हा नमुना विकसित केला. त्यातून स्वयंपाकासाठी वायू आणि शेतीसाठी खत, असे दोन्ही लाभ मिळू लागले. त्यांच्या अनेक दशकांच्या कार्याचा गौरव २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री देऊन करण्यात आला. या दोन्ही उदाहरणांत तंत्र साधे होते. अवघड होते ते लोकांचे मन वळविणे, आणि त्यास अनेक वर्षे द्यावी लागली.

कागद, काच, पत्रा

सुक्या कचऱ्याची वाट बाजारातून जाते. रद्दी कागदाचा पुन्हा कागद होतो, काचेची पुन्हा काच होते. सुती चिंध्यांपासून उत्तम हातकागद तयार होतो. दौलताबादजवळील कागजीपुऱ्यात ही कला शतकानुशतके चालत आली. बॉक्साइटपासून ॲल्युमिनियम तयार करण्यास जितकी ऊर्जा लागते, तिच्या केवळ ५ टक्क्यांच्या आसपास ऊर्जेत भंगारापासून तोच धातू मिळतो. ज्या देशाला ऊर्जा व कच्चा माल या दोहोंची चणचण आहे, त्याला ही बचत नगण्य मानता येणार नाही.

ही बचत प्रत्यक्षात कोण करते, हे पाहण्यासारखे आहे. रस्त्यावरून, कुंड्यांतून कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या स्त्रिया आणि दारोदार फिरणारे भंगारवाले हे या उद्योगाचे पहिले कामगार होत. त्यांपैकी बहुतेक भूमिहीन व दलित कुटुंबांतील. दुष्काळाने किंवा बेकारीने गाव सुटले आणि शहरात हाच व्यवसाय उरला, अशी अनेकींची कहाणी असते. त्यांच्या श्रमावर कारखान्यांना स्वस्त कच्चा माल मिळत होता आणि नगरपालिकांचा वाहतूक खर्च वाचत होता. पण त्यांची नोंद कोणत्याही दप्तरात नव्हती. १९९३ साली पुण्यात डॉ. बाबा आढाव व त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही त्यांची संघटना उभी राहिली. पुढे पुणे व पिंपरी-चिंचवड या महानगरपालिकांनी संघटनेने दिलेल्या ओळखपत्रांना मान्यता दिली. २००८ साली या कष्टकऱ्यांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेशी पुणे महानगरपालिकेने पाच वर्षांचा करार केला. कुंडीत वाकून वेचणारी स्त्री या करारामुळे घरोघर जाऊन वेगळा केलेला कचरा घेणारी सेवक बनली. तिला सेवाशुल्क मिळू लागले, शिवाय सुक्या मालाच्या विक्रीचे उत्पन्नही तिचेच राहिले.

या उदाहरणात प्रशासनासाठी एक मोलाची सूचना आहे. नवी यंत्रणा उभारताना जुन्या कष्टकऱ्यांना बाजूला सारले, तर त्यांची रोजी जाते आणि गावाला अनुभवी माणसेही गमवावी लागतात. कोणते प्लास्टिक विकले जाते, कोणते जात नाही, कोणत्या पुठ्ठ्याला काय भाव मिळतो, हे ज्ञान त्यांच्याजवळ असते. २०१६ सालच्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी उगमस्थानीच वर्गीकरण करण्याचे बंधन घातले, त्याचबरोबर कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारीही स्थानिक संस्थांवर टाकली.

वेंगुर्ल्याचा अनुभव

मोठ्या शहरांना जे जमते ते लहान गावांना कसे जमावे, अशी शंका नेहमी घेतली जाते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ले हे तिचे उत्तर आहे. २०११ च्या जनगणनेनुसार या नगरपरिषदेची लोकसंख्या सुमारे १२ हजार, म्हणजे एखाद्या मोठ्या ग्रामपंचायतीएवढी. स्वच्छ भारत अभियानाच्या काळात नगरपरिषदेने घराघरांतून वेगळा केलेला कचरा घेण्याचा आग्रह धरला. प्रकल्पस्थळी त्याचे पुन्हा वीसहून अधिक प्रकारांत वर्गीकरण होऊ लागले. ओल्या कचऱ्यापासून जैववायू व खत, पालापाचोळ्यापासून कांडी कोळसा, तर प्लास्टिकच्या चुऱ्याचा रस्त्याच्या डांबरीकरणात उपयोग, अशी प्रत्येक वस्तूची स्वतंत्र वाट ठरविण्यात आली. ज्या जागी कचरा साचत होता, तेथे बाग फुलली आणि 'स्वच्छ भारत पर्यटन स्थळ' म्हणून लोक ती पाहावयास येऊ लागले. यंत्रे इतर ठिकाणीही होती. त्यांत जाणारा माल वेगळा केलेला होता, हेच येथील वैशिष्ट्य.

ग्रामपंचायतीने काय करावे

७३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत आरोग्य व स्वच्छता हा विषय पंचायतींकडे आहे. महाराष्ट्रात संत गाडगेबाबांच्या नावाने २०००-०१ मध्ये सुरू झालेल्या ग्रामस्वच्छता अभियानाने गावकऱ्यांच्या श्रमदानाची ताकद दाखवून दिली. निधीचा प्रश्नही आता पूर्वीइतका बिकट राहिलेला नाही. स्वच्छ भारत अभियानाच्या (ग्रामीण) २०२० साली मंजूर झालेल्या दुसऱ्या टप्प्यात ५ हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी घनकचरा व्यवस्थापनास दरडोई ६० रुपयांपर्यंत तरतूद करण्यात आली. त्यात ३० टक्के वाटा पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातून ग्रामपंचायतीने उचलावयाचा होता. २ हजार वस्तीच्या गावाचा हिशेब केला तर ही रक्कम १ लाख २० हजार रुपये होते. एवढ्या पैशांत मोठी यंत्रे येत नाहीत. पण काही नाडेप टाकी, सुक्या मालासाठी एक कोरडी शेड आणि एक ढकलगाडी निश्चितच होऊ शकते. गावाला बहुधा एवढ्याचीच गरज असते.

कामाचा क्रम मात्र महत्त्वाचा आहे. प्रथम आठ दिवस काही निवडक घरांतील कचरा वेगवेगळा ठेवून वजन करावे. शाळेच्या वरच्या वर्गांतील मुले शिक्षकांच्या देखरेखीखाली ही नोंद उत्तम ठेवू शकतात. सेल, काच व औषधांच्या बाटल्या यांना मुलांनी हात लावू नये, एवढी दक्षता घ्यावी. या नोंदीतून बहुधा असे दिसेल, की शेतीवाडी असलेल्या घरांचा ओला कचरा गोळा करण्याची आवश्यकताच नाही. तो त्यांच्या परसातच जिरतो. ज्या घरांना परस नाही, तसेच बाजार, खानावळी, मंगल कार्यालये यांचाच ओला माल सामूहिक टाक्यांकडे न्यावा लागेल. सुका कचरा आठवड्यातून एक-दोन दिवस गोळा केला तरी पुरतो, कारण तो सडत नाही. त्यानंतर गावातील भंगार गोळा करणाऱ्या व्यक्तींना किंवा महिला बचत गटाला हे काम सोपवावे, जवळच्या भंगार व्यापाऱ्याशी भाव ठरवावा आणि वजन, विक्री व उत्पन्न यांची वही ग्रामसभेपुढे ठेवावी. मिसळलेला कचरा स्वीकारला जाणार नाही, हा ठराव सर्वांत आधी व्हावा आणि तो सरपंचाच्या घरापासून अमलात यावा.

जागेची निवड करताना ओढ्याचे पात्र, नदीकाठ, गायरानातील सखल भाग टाळावेत. पहिल्या पावसाचे पाणी जेथून वाहते तेथे टाकलेला कचरा पुढच्या गावाच्या पाणवठ्यात पोहोचतो. कचरा जाळणे हाही उपाय नव्हे. प्लास्टिकच्या, विशेषतः पीव्हीसीच्या धुरातून डायॉक्सिनसारखी घातक द्रव्ये बाहेर पडतात आणि ती प्रथम शेजाऱ्याच्याच फुफ्फुसात जातात.

पुनर्वापराच्या मर्यादा

पुनर्वापर सर्वच बाबतींत हितकारक असतो, असे नाही. कीटकनाशकाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी पाण्यासाठी वा धान्यासाठी वापरता येत नाही. वापरानंतर तो तीनदा खळबळून, ते पाणी फवारणीच्या द्रावणात ओतून, भोके पाडून निकामी करणे हेच योग्य. छापील रद्दीत वडे-भजी बांधण्याची सवयही सोडावयास हवी. शाईतील द्रव्ये अन्नात उतरत असल्याने अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ साली त्याविरुद्ध सूचना दिली. गाडीच्या जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळविणे तर जीवघेणे आहे. अशा वस्तू अधिकृत संकलन केंद्राकडेच गेल्या पाहिजेत.

काही वस्तूंना बाजारच नाही. प्लास्टिक व धातूचे पातळ थर चिकटवून केलेल्या वेफर्सच्या, गुटख्याच्या पुड्या सहजासहजी पुन्हा वापरात आणता येत नाहीत. त्यांची वाट बहुधा सिमेंटच्या भट्टीकडे जाते. बालकांचे लंगोट व सॅनिटरी पॅड यांचे निर्मूलनही खेड्यांपुढील मोठे आव्हान आहे. हे वेगळ्या कागदात गुंडाळून दिले जावेत, कारण ते उचलणारीही कोणाची तरी आई वा बहीण असते. या वस्तूंचा भार एकट्या ग्रामपंचायतीवर टाकणे न्याय्य नाही. म्हणूनच प्लास्टिकविषयक नियमांत उत्पादकांवर आपल्या वेष्टनांची जबाबदारी टाकण्यात आली. महाराष्ट्राने २०१८ साली अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी घातली आणि १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरावयाच्या काही वस्तूंवर बंदी आली. जी वस्तू निर्माणच झाली नाही, तिची विल्हेवाट लावण्याचा प्रश्न येत नाही, हे त्यामागील तत्त्व होय.

शेवटी सारा प्रश्न घरातील दोन डब्यांशी येऊन थांबतो. शासन निधी देईल, तंत्रज्ञ संयंत्र उभारतील, नियमही होतील. पण भाजीचे देठ कोणत्या डब्यात आणि दुधाची पिशवी कोणत्या डब्यात, हा निर्णय स्वयंपाकघरातच होतो. तो तेथे योग्य झाला, तर पुढील प्रत्येक टप्पा सोपा व स्वस्त होतो. चुकला, तर पुढे कितीही खर्च करून ती चूक पुरती दुरुस्त होत नाही. पावसाळ्यापूर्वी टाके भरले, तर पावसाळा सरताना त्यातील खत रब्बीच्या शेतात पडेल. येत्या ग्रामसभेत हा विषय घेण्यास तेवढे कारण पुरेसे आहे.